जकार्ता १९६२: टाके पडलेला स्टॉपर पुढे का खेळवला?

भारताच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यापुढचा पेच तीन वाक्यांत मांडता येतो. जकार्ता एशियाडची उपान्त्य फेरी तोंडावर आली होती. स्टॉपर, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा, संघाचा कणा असलेल्या जर्नेलसिंगच्या डोक्याला गटातल्या थायलंडविरुद्धच्या सामन्यात जखम होऊन टाके पडले होते. आणि त्या काळच्या स्पर्धांत बदली खेळाडू नसे. अकरा उतरवले की तेच अकरा, त्यातला एक कोलमडला तर उरलेले दहा.

रहीमनी जर्नेलला बसवलं नाही. त्याच्या नेहमीच्या जागी, मागेही ठेवलं नाही. त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळवलं. तो उपान्त्य सामन्यात गोल करून आला आणि अंतिम सामन्यातही. ४ सप्टेंबर १९६२ रोजी भारताने दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून एशियाडचं सुवर्ण जिंकलं. फुटबॉलमध्ये ते पुन्हा भारताला मिळालेलं नाही.

वडोदऱ्यात शाळांचे क्रीडाशिक्षक आणि संध्याकाळी पोरांना खेळवणारे हौशी प्रशिक्षक यांचा आमचा एक गट आहे. बहुतेक मंडळी मराठी, रावपुरा-दांडिया बाजार भागातली, थोडी रेल्वे वसाहतीतली. एकेक घडलेला प्रसंग घ्यायचा आणि निर्णय घेणाऱ्याला त्या घडीला जे ठाऊक होतं तेवढ्यावरच बोलायचं, असा आमचा रिवाज. निकालाकडे पाहून शहाणपण सांगायला बंदी. या वेळी हे प्रकरण मी मांडलं. त्याचं टिपण चर्चेतल्या भरीसह इथे देतो.

पहिल्यांदा माणूस. रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ चा, हैदराबादचा. उस्मानिया विद्यापीठातून पदवी, पेशाने शाळामास्तर, नंतर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक. हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचं सचिवपद त्यांनी शेवटपर्यंत सांभाळलं आणि हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ घडवला. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स चषक नेला. मुंबईच्या कूपरेज मैदानावर ते सामने पाहिलेल्या पिढीतल्या आजोबांकडून आमच्यापैकी एकाने या पोलिसांच्या गोष्टी ऐकल्या आहेत. त्यात गोलांपेक्षा पासिंगचंच कौतुक जास्त.

हा माणूस देशाच्या संघापर्यंत पोचला तो काळ लक्षात घ्यायला हवा. हैदराबादेत पोलीस कारवाई झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. दिल्लीत पहिलं एशियाड भरलं मार्च १९५१ मध्ये. मधे जेमतेम अडीच वर्षं. फाळणीच्या जखमा ओल्या, निजामाचं संस्थान नुकतंच विलीन झालेलं, आणि भारताच्या संघाचा प्रशिक्षक हैदराबादचा एक मुसलमान शाळामास्तर. इराणला १-० हरवून भारताने तिथे सुवर्ण जिंकलं. गोल मेवालालचा, कप्तान शैलेन मन्ना.

लगेच पुढच्या वर्षी हेलसिंकी ऑलिंपिक. थंडी, ओलं मैदान, अनेक खेळाडू अनवाणी, आणि समोर युगोस्लाविया. निकाल १-१०. एवढ्या मारानंतर एखाद्याचं नाव कायमचं पुसलं गेलं असतं. रहीम १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला पुन्हा संघाबरोबर होते. हंगेरीने माघार घेतल्याने पहिली फेरी न खेळताच मिळाली. मग यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२, त्यात नेव्हिल डिसूझाचे तीन गोल. उपान्त्य सामन्यात पुन्हा युगोस्लाविया, आणि या वेळी दुसऱ्या डावात आधी गोल केला तो भारताने. हरलो ते ४-१ असे. दहाचे चार झाले. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० हरवलं. चौथा क्रमांक, पण ऑलिंपिक फुटबॉलच्या उपान्त्य फेरीत पोचलेला आशियातला तो पहिला संघ.

१९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये गट अवघड होता. हंगेरीकडून १-२ हार, फ्रान्सशी १-१ बरोबरी, पेरूकडून १-३ हार. गटातच बाहेर. त्या संघात रहीम यांचा मुलगा सय्यद शाहिद हकीमही होता. त्याला एकही सामना खेळवला नाही. बाप प्रशिक्षक असताना पोराला बाकावर बसवणं सोपं की अवघड, यावर आमच्याकडे बराच वेळ गेला. शाळेच्या संघात स्वतःचं मूल असणारे दोघे जण त्या दिवशी फारच गप्प होते.

म्हणजे जकार्तापर्यंत या माणसाच्या आंतरराष्ट्रीय हिशेबात एक सुवर्ण, एक धुव्वा, एक चौथा क्रमांक आणि एक अपेक्षाभंग अशी जमाखर्चाची चार पानं होती. नेमणूक कायमची नव्हती. स्पर्धा आली की प्रशिक्षक ठरायचा. आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणतो ती त्या काळी तुकड्यातुकड्यांनी जगायची गोष्ट होती. मधल्या काळात हा माणूस हैदराबादेत आपल्या मैदानावर असे.

आता प्रसंगाकडे येतो. गटात पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० हरवलं होतं. कोरिया तेव्हा १९५६ आणि १९६० असे दोन्ही आशिया चषक जिंकलेला संघ. त्यानंतर भारताने थायलंडला ४-१ आणि जपानला २-० नमवून उपान्त्य फेरी गाठली. तिथे दक्षिण व्हिएतनाम, आणि पुढे गेलो तर बहुधा पुन्हा कोरिया. जर्नेल जायबंदी. गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी, त्याच्या जागी प्रद्युत बर्मन उभा. खुद्द रहीम यांची तब्येत ढासळलेली. फुफ्फुसाच्या कर्करोगाने ते ११ जून १९६३ रोजी गेले, म्हणजे अंतिम सामन्यानंतर सुमारे नऊ महिन्यांनी.

बाहेरचं वातावरण त्याहून वाईट. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानला या खेळांत येऊ दिलं नव्हतं. एशियाडच्या जनकांपैकी एक असलेल्या गुरुदत्त सोंधी यांनी त्यावर हरकत घेतली आणि या खेळांना एशियाड म्हणू नये अशी भूमिका मांडली. सोंधी भारतीय, त्यामुळे राग भारतावर निघाला. जमावाने जकार्तातल्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सेनायनच्या लाखभर लोकांनी भरलेल्या स्टेडियमवर भारताचं राष्ट्रगीत वाजताना हुर्यो उडवली गेली. खेळाडूंच्या आठवणींत असंही येतं की बसमधून जाताना पगडीवाले शीख खेळाडू खाली बसत, म्हणजे बाहेरून ओळखू येऊ नये.

अशा वेळी जर्नेलचं काय करायचं? गटाला मी विचारलं तेव्हा पहिलं उत्तर ठाम आलं: बसवायचं. डोक्याला टाके असलेल्या माणसाला हेडिंग करायला लावणं म्हणजे गुन्हा. हे उत्तर देणाऱ्या बाई एका मुलींच्या शाळेत शिकवतात, आणि आजच्या मापाने त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. आता डोक्याच्या दुखापतीसाठी वेगळा बदली खेळाडू घेण्याची तरतूद नियमांत आली आहे ती उगीच नाही. मी त्या बाईंच्या बाजूचा आहे. उद्या आमच्या शहरातल्या एखाद्या आंतरशालेय सामन्यात कुणी टाके घातलेलं पोर उतरवलं आणि वर रहीमसाहेबांचा दाखला दिला, तर त्याला मैदानाबाहेर काढावं.

पण १९६२ मध्ये तो पर्याय तितका सरळ नव्हता. जर्नेल तेव्हाच्या आशियातला बहुधा सर्वांत दणकट स्टॉपर होता. त्याला बसवलं तर कोरियाचा अर्धा सामना आधीच जिंकल्यासारखा. दुसरा पर्याय म्हणजे त्याला मागेच ठेवायचं, पट्टी बांधून. बहुतेक प्रशिक्षकांनी हाच घेतला असता. हातातलं हुकमी पान त्याच्या नेहमीच्या जागीच खेळायचं.

इथे आमच्यातल्या एका रेल्वेच्या निवृत्त खेळाडूने जो मुद्दा काढला तो मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. स्टॉपरला हेडिंग टाळता येत नाही. चेंडू गोलासमोर उंच आला की त्याला उडी मारावीच लागते, वेळ आणि जागा समोरचा ठरवतो. फॉरवर्डला निवड असते. कोणत्या चेंडूवर उडी मारायची, कोणता सोडायचा, हे तो ठरवतो. सोडला तर फार तर एक संधी जाते. आता दुसऱ्या बाजूने पाहा. समजा पुन्हा धडक बसून जर्नेल बाहेर गेलाच. तो मागे असताना गेला तर बचावाच्या मधोमध भगदाड. तो पुढे असताना गेला तर आघाडीत एक माणूस कमी, बचाव अखंड. ज्याचा भरवसा नाही त्याला अशा जागी ठेवायचं, की तो गेला तरी घर पडणार नाही. बदली खेळाडू नसलेल्या खेळात हा हिशेब फार महत्त्वाचा ठरतो, आणि आज पाच-पाच बदल्यांच्या सवयीमुळे आपल्याला तो पटकन दिसतच नाही.

एवढं पुरेसं नव्हतं, मागे त्याची जागा घेणाराही हवा. अरुण घोष तिथे उभा राहू शकत होता, त्यामुळे सोंगटी हलवता आली. शिवाय जर्नेलला पुढच्या जागेचा सराव अगदीच नव्हता असं नाही. पंजाबात कॉलेजात शिकताना तो फॉरवर्ड खेळलेला होता. त्यामुळे लोक म्हणतात तसा हा जुगार मला वाटत नाही. जुगारात पत्ते झाकलेले असतात.

उपान्त्य सामना ३-२ असा सुटला. गोल चुनी गोस्वामी आणि जर्नेलचे. अंतिम सामन्यासाठी रहीमनी आणखी एक बदल केला, आणि तो जर्नेलच्या बदलापेक्षा कमी चर्चिला जातो. ताप उतरलेल्या थंगराजला त्यांनी बर्मनच्या जागी परत आणलं. बर्मन चांगला खेळत होता. जिंकणाऱ्या संघातून गोलरक्षक काढणं म्हणजे विकतचं दुखणं. हरलो असतो तर सगळं खापर याच निर्णयावर फुटलं असतं. पण थंगराज सहा फुटांहून उंच, आणि कोरियाचे उंच चेंडू झेलायला उंचीच हवी होती. आमच्या गटातल्या निम्म्या लोकांनी हा बदल केला नसता असं हात वर करून कबूल केलं. मीही त्या निम्म्यांत होतो.

आदल्या रात्री रहीमनी खेळाडूंना काय सांगितलं याच्या वेगवेगळ्या हकिकती आहेत. उद्या मला सोनं भेट द्या, अशा अर्थाचं मागणं त्यांनी केलं, हे मात्र सगळ्यांत येतं. अंतिम सामन्यात १७ व्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला, २० व्या मिनिटाला जर्नेलने. शेवटच्या काही मिनिटांत कोरियाने एक फेडला. लाख लोक विरुद्ध ओरडत असताना भारताच्या बाजूने ओरडणारा एक कोपरा होता, असं खेळाडू पुढे सांगत: पाकिस्तानचा हॉकी संघ. त्याच खेळांत त्यांनी भारताला हॉकीच्या अंतिम सामन्यात हरवलं होतं.

आता ज्या प्रश्नासाठी मी हे प्रकरण निवडलं तो. स्टॉपरला पुढे पाठवायचं ठरवणं एक, आणि अकरा माणसांनी ते निमूट ऐकणं दुसरं. स्पर्धेच्या अंगावर आलेल्या घडीला देशातल्या पहिल्या नंबरच्या बचावपटूला सांगायचं की तू तुझं काम सोड. घोषला सांगायचं की तू त्याचं काम कर. बर्मनला सांगायचं की तू बस. हे ऐकलं गेलं कसं?

तो संघ पाहा. बॅनर्जी, गोस्वामी, घोष बंगाली. जर्नेल आणि त्रिलोकसिंग पंजाबी शीख. बलराम सिकंदराबादचा. युसूफ खान हैदराबादचा. रामबहादूर गोरखा. थंगराज तमिळ. फ्रांको मूळचा गोव्याचा, आणि गोवा मुक्त होऊन वर्षही झालं नव्हतं. यातला जवळजवळ प्रत्येक जण या ना त्या अर्थाने थोड्यांतला, म्हणजे अल्पसंख्य. आणि भारतीय फुटबॉलचं राज्य कलकत्त्याचं. मोठे क्लब तिथले, पैसा तिथला, वर्तमानपत्रं तिथली. रहीम मुसलमान म्हणून थोड्यांतले होतेच, शिवाय फुटबॉलच्या नकाशावरही ते परगावचे. मला वाटतं, दुसरं वेगळेपण रोजच्या कामात जास्त बोचत असणार.

गटातल्या एकाने इथे हरकत घेतली: खेळाडूच्या जातीधर्माचा हिशेब कशाला, रहीम मोठे होते ते डोक्याने. हरकत सच्ची आहे. पण वडोदऱ्यात राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटायचं कारण नाही. घरात मराठी, दुकानात गुजराती, कचेरीत हिंदी. कोणत्या खोलीत किती जण आपले आणि किती परके, हा अंदाज आपण दार उघडतानाच घेतो. ज्याला आयुष्यभर असा अंदाज घ्यावा लागतो, त्याला माझ्या मताने दोन गोष्टी जमतात. एक, प्रत्येकाशी त्याच्या अंगाने बोलणं. दुसरी, पक्षपाताचा संशयही येणार नाही अशी रीत घालून देणं, कारण आपल्यावर तो सगळ्यांत आधी येणार हे त्याला माहीत असतं. पोराला रोममध्ये बाकावर बसवणं मी याच रांगेत धरतो. हा माझा तर्क आहे, रहीम यांनी असं कुठे म्हटलेलं नाही.

या तर्काला आधार त्यांच्या हैदराबादच्या पद्धतीत दिसतो. ते तरुणांसाठी चित्रविचित्र स्पर्धा भरवत. एका स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, चेंडू लगेच पास करायचा. एका स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. एक बुटक्या खेळाडूंसाठी वेगळी. या सगळ्यांत समान सूत्र असं की, मोठं नाव, तगडं शरीर किंवा लाडका पाय यांपैकी एक तरी सवलत प्रत्येक वेळी काढून घेतली जायची. अशा तालमीत वाढलेल्या किंवा ती पाहिलेल्या खेळाडूला जागा बदलली म्हणून अपमान वाटत नाही. जागा म्हणजे हुद्दा नसून काम आहे, हे त्याला कधीच कळलेलं असतं. जकार्तात जर्नेल पुढे गेला त्याची तयारी बारा वर्षं चालू होती, असं मी म्हणतो ते यामुळे.

आमच्या शहरात याला जोड सापडते. जुम्मादादा हे इथले मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य माणिकराव यांनी पुढे गुरूची व्यायामशाळा नावारूपाला आणली, आणि आजही ती जुम्मादादांच्या नावानेच ओळखली जाते. मराठी घरांतल्या कित्येक पिढ्यांनी तिथे मल्लखांब आणि लाठी शिकली. इथे वस्ताद थोड्यांतला होता, शिष्य बहुसंख्येतला होता, आणि शिष्याने संस्था बांधली. त्यामुळे विद्या एका माणसाबरोबर गेली नाही.

रहीम यांच्या बाबतीत हे झालं नाही, आणि मला या प्रकरणाची ही दुसरी बाजू पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. ते गेल्यावर भारताने हॅरी राइट हा इंग्रज प्रशिक्षक आणला आणि १९६४ च्या आशिया चषकात इस्रायलमध्ये उपविजेतेपद मिळवलं. म्हणजे घसरण दुसऱ्या दिवशी सुरू झाली असं म्हणता येत नाही. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये कांस्य मिळालं. मग हळूहळू ओहोटी. रहीम यांची पद्धत संघटनेच्या कागदांत उतरली नाही. ती त्यांच्या खेळाडूंच्या पायांत आणि बोलण्यात राहिली. पी. के. बॅनर्जी पुढे मोठे प्रशिक्षक झाले. हकीमही प्रशिक्षक झाले आणि २०१७ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. खुद्द रहीम यांना पद्म किताब मिळालेला नाही, आणि द्रोणाचार्य पुरस्कार तर १९८५ मध्ये सुरू झाला. याचं कारण त्यांच्या धर्मात शोधावं का? माझ्याजवळ तसा पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय ते म्हणणं म्हणजे त्यांच्या कामावर अन्याय. प्रशिक्षक नावाच्या माणसाला आपल्याकडे खेळाडूच्या सावलीतच ठेवतात, हे कारण मला पुरेसं वाटतं.

चर्चेनंतर आमच्यात ठरलं की कच्च्या पायाची स्पर्धा इथल्या चार शाळांत घेऊन पाहायची, चौदा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी. नियम लिहायला बसलो आणि भांडण सुरू झालं. गोलरक्षकाने किक कोणत्या पायाने मारायची? चेंडू नुसता अडवताना लाडका पाय लागला तर फाउल का? रेल्वेवाल्यांचं म्हणणं, अडवायला दोन्ही पाय चालावेत, मारायला आणि पास द्यायला कच्चाच. मुलींच्या शाळेच्या बाईंचं म्हणणं, मग पंचाला दर वेळी हेतू ओळखत बसावं लागेल. सरळ सगळ्याला बंदी. कोणाचा कच्चा पाय कोणता हे कोण ठरवणार, हाही प्रश्न आला, कारण लबाड पोरं उलटं सांगणार हे नक्की. सध्या तोडगा असा: सामन्याआधी प्रत्येकाला तीन किक मारायला लावायच्या, पंचाने पाहायचं, आणि लाडक्या पायाच्या मोज्यावर लाल फीत बांधायची.